उचलून नेलं तर

टोपली उचलल्याबरोबर कासवाची पिल्लं ओल्या वाळूवरून समुद्राकडे निघाली.

"मामा, एक हातात घेऊन पाण्यात सोडू?" पुण्याहून एकटीच, पहिल्यांदा गावी आलेल्या तरुण भाचीनं विचारलं.

"नको गो बाय. त्यांचं त्यांनीच चालायचं. चालताना ही वाळू लक्षात ऱ्हाते, म्हणून मोठेपणी अंडी घालायला हितंच येतात."

"आणि उचलून नेलं तर?"

मामा टोपलीची वाळू झटकत राहिला. मामीनं पदराचं टोक ओठांत धरलं. मूल नसलेल्या नणंदेच्या ओटीत तिनं आपली लेक घातली, तेव्हा लेक नुकती रांगत होती. आत्याच्या कडेवरूनच ती गाव सोडून गेली. खरं कळू नये म्हणून नणंदेनं तिला पुन्हा इकडे आणलं नाही.

"मग वाट सापडत नाय त्यांना," मामा शेवटी म्हणाला.

शेवटचं पिल्लू लाटेत शिरलं. भाचीनं पायांची वाळू झटकली, हातातल्या चपला घातल्या. "येते हं, मामी!"

गाडी वळणाआड गेली तरी मामी वाळूतल्या लेकीच्या पावलांजवळ उभी होती.

"अवो," तिनं नवऱ्याला विचारलं, "आज तर चालली ना ती, आपल्या पायांनी?"