चेहऱ्यावरचे भाव

ताई दर रविवारी संग्रहालयात पाय दुखेस्तोवर उभी राहून पुतळ्यांची स्केचेस काढायची आणि फक्त धाकट्या भावाला पाठवायची. बाकीचे नातेवाईक न बघताच अंगठा चिकटवून मोकळे होतात. खरा दर्दी हा एकच, असा तिचा ठाम समज. तोही त्याच्या आवडत्या मैफिलींचे व्हिडिओ तिलाच पाठवायचा.

आज तिच्या स्केचवर त्याचं उत्तर आलं, “चेहऱ्यावरचे भाव काय पकडलेस गं!”

तिने तडक फोन लावला. “गाढवा, त्या पुतळ्याला मुंडकंच नाहीये! चित्र उघडून तरी बघतोस का?”



“ताई, गेल्या आठवड्यात तू जिच्या गळ्याला देवाची देणगी म्हणालीस ना, ती बाई तासभर नुसती सतार वाजवत होती. मी बोललो काही?”