कागदावरचा हात

“बाई, तुम्ही रोपं विकता की मढी?”

सुताराने टोपली काउंटरवर आदळली. तिच्यातलं ऑर्किड पार काळं पडलं होतं. मुळांना बोट लावलं की लगदा. आठ महिन्यांतलं हे तिसरं.

रोपवाटिकेच्या मालकिणीने आधी रोपाकडे पाहिलंच नाही. तिने हॉटेलच्या खरेदी अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो शेजारीच उभा होता. वर्षभराच्या ऑर्डरचा कागद त्याच्यापुढे होता, पेन उघडलेलं होतं. सही तेवढी बाकी होती. त्या सहीच्या भरवशावर हरितगृहाचं फाटकं छप्पर बदलायचं होतं. नाही बदललं, तर थंडीत निम्मी रोपं गारठून जाणार होती.

गिऱ्हाइकं तिला मागून ‘खिडकीबाई’ म्हणत. ती आधी खिडकी विचारी, मग रोप दाखवी. दारावर पाटीच होती: दुपारी बारा वाजता खिडकीत पांढरा कागद ठेवा, वर फूटभर अंतरावर हात धरा, सावली दिसेल तशी पेन्सिलने गिरवून आणा. सावली ठसठशीत असेल तर वांडा जातीचं ऑर्किड, त्याला उजेड भरपूर लागतो. पुसट असेल तर फॅलेनोप्सिस, त्याला कमी उजेड चालतो. सावलीच पडत नसेल तर, ती म्हणे, समोरच्या दुकानात प्लास्टिकची फुलं छान मिळतात. कागदाशिवाय तिने सख्ख्या भावालासुद्धा ऑर्किड दिलं नव्हतं.

“पाणी जास्त झालं असेल,” ती म्हणाली.

“मोजून घातलं. तुम्ही सांगितलं तेवढंच.”

“आणि खिडकी?”

“दक्षिणेची. कागद तुमच्याच फायलीत आहे की! काढा. या साहेबांनाही बघू दे.”

तिने फाइल उघडली. याच एका कागदावर तिने त्याला तिन्ही वांडा दिले होते. घड्या पिवळट पडलेल्या, पण हाताची रेघ सुरीने कापल्यासारखी स्वच्छ. अधिकारी वाकला.

“सावली तर चांगली काळीभोर आहे,” तो म्हणाला. “मग रोपातच खोट असणार.”

“तेच म्हणतोय ना मी मघापासून!” सुताराने कागदावर पंजा थापला.

खिडकीबाई त्या पंजाकडे बघत राहिली. रुंद, घट्टे पडलेला. तर्जनीचं एक पेर करवतीने कधीचंच नेलेलं. कागदावर मात्र पाचही बोटं पूर्ण होती. निमुळती, लांबसडक.

“दादा, हा हात तुमचा नाही.”

सुताराने पंजा मागे घेतला. 

“तिचा आहे,” तो म्हणाला. “बायकोचा. तिला यायचं होतं तुमच्याकडे. कागद करून ठेवला आणि दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. दोन वर्षं झाली.”

“मग त्या खिडकीचा पडदा उघडता ना?”

“तिने कागद केला त्या दिवशी उघडला होता, तो शेवटचा.”

अधिकाऱ्याने पेन उचललं. “म्हणजे चूक गिऱ्हाइकाची. तेवढं तुम्ही स्पष्ट सांगा, मी सही करून मोकळा होतो.”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. सुताराची मान खाली होती. मेलेल्या रोपाची टोपली त्याने पुन्हा छातीशी धरली होती.

“चूक माझी,” ती म्हणाली. “हात न बघता कागदावर रोप दिलं. तीनदा.”

अधिकाऱ्याने पेनाला टोपण घातलं. “असं असेल तर विचार करावा लागेल,” म्हणाला आणि ऑर्डरचा कागद घेऊन निघून गेला.

खिडकीबाईने जुन्या कागदाची होती तशी घडी घातली आणि सुताराच्या हातात दिली. त्यावर एक कोरा कागद ठेवला.

“उद्या बारा वाजता. तुमचा हात.”

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी दुपारी साडेबाराला आला, आणि कागद काउंटरवर ठेवला. चार बोटं पूर्ण, एक आखूड. कडा पुसट.

पडदा अर्धाच उघडला होता. फॅलेनोप्सिसला तेवढं पुरतं.