चाळीसच्या वर नाही

मागच्या ट्रकनं पुन्हा भोंगा वाजवला, तरी मार्गोनोनं ॲक्सिलरेटर जराही दाबला नाही. काटा चाळीसवर होता आणि तिथंच राहणार होता. ट्रक ओलांडून जाताना क्लीनर खिडकीतून ओरडला, "अहो पाक, उतरून ढकला, लवकर पोचाल."

मार्गोनो हसला. इंजिनकाम झालेली गाडी जपूनच चालवावी लागते, हे त्याला कोण समजावणार?

त्याची किजांग गाडी जुनी होती, पण तिच्यातलं चार सिलिंडरचं जपानी इंजिन मार्गोनो दुसऱ्या कशाशीही बदलायला तयार नव्हता. लहानसं, कुरकुरणारं, हट्टी. अलीकडे मात्र ते चढावर धापा टाकायचं, निळा धूर ओकायचं. त्यापायी त्याच्या बायकोचं, लास्त्रीचं, माहेर सुटलं होतं. तिच्या माहेरी पाचितानला जायचं तर वाटेत डोंगर. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो मास, या ईदला नेलं नाहीत तर मी बसनं एकटी जाईन. परत येईनच असं धरून बसू नका." चिडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे बोलली. बायको हातची जाणार, या भीतीनं त्याला जेवण गोड लागेना.

धावून आला ब्रोतो. शाळेपासूनचा मित्र, मागेलांगमध्ये स्वतःचं गॅरेज. "सबंध इंजिनकाम करून देतो," म्हणाला. पैशांचं नाव काढताच उलट तोच रागावला. "तुझ्याकडून पैसे घेऊ? मला समजतोस काय?" गाडी काही दिवस ठेवून घेतली. परत दिली तेव्हा इंजिनातल्या टॅपेटची ती जुनी टकटक पार गेली होती.

"आता घाई करायची नाही," ब्रोतोनं बजावलं. "पिस्टनच्या नव्या रिंगा बसायला वेळ लागतो. तोवर थोडा धूर येणारच. दर रविवारी सबंध दिवस काढून सालातिगापर्यंत जाऊन यायचं. चाळीसच्या वर नाही. गाडी रिकामी हवी, शेजारीसुद्धा कुणी नको. आणि दुसऱ्या कुणाला बॉनेट उघडू द्यायचं नाही."

"तू तरी चल की. रविवारी गॅरेज बंदच असतं तुझं."

"माझं वजन बघ लेका," ब्रोतो पोटावरून हात फिरवत म्हणाला.

मार्गोनो सांगितलेलं ऐकणारा माणूस. लास्त्रीही बदलली होती. रविवारी सकाळी ती केळीच्या पानात भात आणि सोयाबीनचं टेम्पे बांधून द्यायची. "सावकाश जा, मास. उगीच पळवून इंजिन बिघडवू नका." कितीतरी दिवसांनी ती घरात गुणगुणू लागली होती. तिला माहेरचे वेध लागलेत, असं त्याला वाटे, आणि ब्रोतोचे उपकार कसे फेडावेत ते कळेना.

आज सालातिगाच्या अलीकडे तेल जळल्याचा वास आला. धूर इतका वाढला की थांबावंच लागलं. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, इंजिनावरचं झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"मी तुम्हाला बघतो अधूनमधून. बैलगाडीसारखे का जाता?"

"नुकतंच इंजिनकाम झालंय," मार्गोनो म्हणाला. "दर रविवारी दिवसभर असंच हळू फिरवायला सांगितलंय. मित्रानंच केलंय काम."

"केलेलं नाही. हे आतले बोल्ट बघा, कारखान्यातून निघाल्यापासून यांना पाना लागलेला नाही. टॅपेट तेवढे नीट लावलेत, म्हणून आवाज गेला. आतलं सगळं जुनंच आहे. पळवा नाहीतर रांगवा, याला काही फरक पडत नाही."

मार्गोनो बाकावर बसला. ज्याला भाऊ मानलं, त्यानं न केलेलं काम केलं म्हणून सांगावं? आता लास्त्रीला काय तोंड दाखवायचं? त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"असतात असे लोक," गॅरेजवाला झाकण परत बसवत म्हणाला. "किती उकळले?"

"एक रुपियाही घेतला नाही."

गॅरेजवाल्याचा हात थांबला. "फुकट? मग दर रविवारी दिवसभर तुम्हाला घराबाहेर ठेवून त्याला मिळालं काय?"