दिवसाचा दिवा

वडील गेल्यावर महावीरनं त्यांच्या बुडत्या पेढीचं कर्ज अंगावर घेतलं होतं. गिरणीतल्या कारकुनीचा अर्धा पगार सावकार कोर्टाच्या जप्तीनं परस्पर उचलत होता. घरात चूल एकदाच पेटे. आज जळगावच्या कोर्टानं त्याला नादार, म्हणजे कर्ज फेडायला असमर्थ, ठरवलं आणि जप्ती उठली. पोरांसाठी जिलबी बांधून घेऊन तो भर दुपारी घरी आला, तेव्हा निकाल आधीच कानावर आलेली म्हातारी आई उंबऱ्यावर पणती पेटवत होती. “माँ, पणती देवापुढे ठेव ना. इथं कशाला?” तो हसत म्हणाला. “देवासाठी नाही ही. आपल्यात दिवाळं निघालं की दिवसाढवळ्या दारात दिवा लावतात. हा दिवा लागू नये म्हणून तुझ्या वडिलांनी विहीर जवळ केली होती.” पुडीतला पाक महावीरच्या बोटांवर उतरत राहिला. त्या उन्हात ज्योत दिसेना. शेजाऱ्यांना दिसावी म्हणून आईनं तेलातली वात बोटानं पुढे सारली.