मागच्या रांगेतल्या काकू

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. तांबरमच्या आपल्या राममंदिरात काशिनाथबुवा कीर्तन करतात ना, तिथलीच ही गोष्ट. शब्द शंभरच आहेत, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचतील असे सांगायचे आहेत.

बुवांच्या भाचीला, कीर्तीला, सैनिकी अकादमीत जायचं होतं. निवड मंडळाने तिचा अर्ज पुढच्या फेरीपर्यंत राखून ठेवला आणि सांगितलं, “धावतेस छान, पण तुझा आवाज चार माणसांपलीकडे जात नाही.” वयामुळे ती फेरी शेवटचीच होती. बुवांनी तिला दर एकादशीला बिनमाइकच्या कीर्तनाला उभं केलं. पहिल्यांदा ती सावधान होऊन उभी राहिली. बुवा म्हणाले, “अगं, देव सलामी मागत नाही, जरा डोल.” मागच्या रांगेत विद्युलताकाकू कानातलं यंत्र काढून पदरात बांधून बसायच्या. “सैन्यात जाणार ना? मग मला असंच ऐकव,” म्हणायच्या आणि पेंगायच्या. परवाच्या एकादशीला कीर्तीने अंगदाची शिष्टाई लावली. रावणाच्या दरबारात पाय रोवून अंगद गरजला, तशा काकू दचकून जाग्या झाल्या. यंत्र पदरातच होतं. “ओरडतेस कशाला?” म्हणाल्या, “मी काय बहिरी आहे?”

उद्या कीर्ती पुन्हा निवड मंडळापुढे उभी राहणार आहे. तिची काळजी राम वाहील. तुम्ही संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल तेव्हा आमच्या विद्युलताकाकूंची तेवढी आठवण ठेवा, आणि त्यांचं नाव मात्र मोठ्याने घ्या.