पार्वतीचा तांब्या

महादेवाच्या पिंडीला पाणी घातल्याबिगर नीलाबाईनं जन्मात कधी घोट घेतला नव्हता. लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळात चाकूरच्या बायकांनी देवळापुढंच संगीतिका मांडली. पार्वती झाली होती नीलाबाईची सून, शिवकांता.

"देवा, आज आधी मी पिणार!" असं पिंडीपुढं गात तिनं तांब्या तोंडाला लावला. पुरुष खवळून उठले.

त्या सुरात तरंगल्यागत नीलाबाई मंचावर चढली. आता सुनेच्या थोबाडीत बसणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"सगळंच पिऊ नगंस गं," ती म्हणाली, "मला बी ठिव घोटभर."

तांब्या कोरडा होता. सकाळी तिनंच तो राखेनं घासून दिला होता. तरी तिनं डोळे मिटून तो रिचवला आणि पदरानं ओले ओठ पुसले.