सिस्टरबाईंचा पाट

"ह्यो अजून हाय की हितंच," आक्का फळीकडं बोट दाखवून म्हणाली. "सगळी पेठ आपापला गणपती घिऊन गेली. तुझी सिस्टर काय आली न्हाय बाबा."

बंडू कुंभार थोरल्या बहिणीकडं न बघता रंगाच्या वाट्या धूत राहिला. चतुर्थीची सकाळ होती. फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. एका पाटावर तेवढी वीतभर उंचीची मूर्ती उरली होती, तोंडावर फडकं टाकलेली.

वडगावात श्रावण लागला की लोक घरचा पाट कुंभाराकडं पोचवतात आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसलेला गणपती घरी नेतात. एकेक पाट आजा-पणज्यापासूनचा असतो, कुंकवानं लाल आणि तेलानं काळा झालेला. पाट बघून बंडू घर ओळखायचा.

सिस्टरबाईंचा पाट मात्र करकरीत नवा आला होता. चौऱ्याण्णव साल असेल. बाई जयसिंगपूरच्या दवाखान्यात नर्स. वडगावात कुणाकडं तरी आल्या होत्या आणि एसटीला वेळ होता म्हणून बंडूच्या दारात टेकल्या. तो मूर्तीचे डोळे आखत होता. त्या बघत बसल्या त्या बसल्याच, एसटी गेली तरी हलल्या नाहीत. शेवटी बंडूनंच विचारलं, "पाट आणलाय काय?"

त्या गडबडल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात आणते."

तेव्हापासून त्यांचा नेम चुकला नाही. श्रावणात एकदा पाट घेऊन यायच्या आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपती न्यायला. बाकीचे गणपती साच्यातून निघत, यांचा तेवढा बंडू हातानं घडवी आणि त्या आल्याशिवाय डोळे आखत नसे. बोलणं म्हणजे काय, तर यंदा पाऊस बरा झाला, आक्कांचा गुडघा कसा आहे. पाट दरवर्षी लख्ख परत येई, त्यावर कुंकवाचा ठिपका शोधून सापडायचा नाही. नर्स माणूस, टापटीप असणारच, असं बंडू कौतुकानं सांगे.

"जैसिंगपुरात कुंभार मेल्यात व्हय?" आक्का त्याला टोचून विचारी. "एसटी धरून हितं कशाला येती ती?"

बंडूला लाज वाटे आणि बरंही वाटे. चाळिशी उलटली तरी त्याचं लग्न जमलं नव्हतं. खरं तर त्यानंच जमू दिलं नव्हतं. वर्षातल्या त्या दोन दिवसांसाठी तो बाकीचं वर्ष ढकलत होता. गडी मातीत हात घालून दिवसभर त्या बाईचाच विचार करी.

एकदा त्या म्हणाल्या होत्या, "एवढा जीव लावून करता आणि सगळं पाण्यात जातं. वाईट वाटत नाही?"

"वाटतंय की," बंडू म्हणाला. "गेल्या सालचं माझं काम कसं हुतं, ते मलाच बघाय मिळत न्हाय. पर देवाचं काम हाय. ठिऊन घेतलं तर पाप लागंल."

त्यांनी मूर्तीवर फडकं टाकलं आणि एसटीची वेळ विचारली.

यंदा श्रावणात मात्र बंडूनं मनाचा हिय्या केला. पाट घेता घेता म्हणाला, "गणपती न्यायला आलासा की एक इचारायचं हाय. तुमी एकल्या, मीबी एकलाच हाय."

सिस्टरबाईंचा चेहरा उतरला. "माझ्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?" एवढंच म्हणाल्या आणि चहा तसाच ठेवून उठल्या.

काल दिवसभर बंडूचं लक्ष रस्त्याकडं होतं. त्या आल्या नाहीत. संध्याकाळी त्यानं एकट्यानंच डोळे आखले.

"मी तोंड उघडलं हीच चूक झाली," तो आता आक्काला म्हणाला. "पर त्यात गणपतीचा काय गुन्हा? त्यांच्या घरात आज देव बसायचा न्हाय."

त्यानं टोपी घातली आणि पाट उचलला.

एसटीत मूर्ती मांडीवर बघून कंडक्टरनं मोरया म्हटलं, एका बाईनं खिडकीची जागा दिली. बंडूनं वाटेत सगळं बोलणं जुळवलं. काही विचारायचं नाही. माफी मागायची, आणि फक्त पुढच्या श्रावणात पाट घेऊन या, एवढं म्हणायचं. तेवढ्यावर त्याचं भागणार होतं.

दवाखान्यामागच्या क्वार्टरचं दार एका कॉलेजातल्या पोरीनं उघडलं.

"मोरया!" बंडू म्हणाला आणि पायावर पाणी घालायला, ओवाळायला कुणी येईल म्हणून उंबऱ्याबाहेर थांबला. पोरगी नुसती बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

"वडगावचं बंडूकाका न्हवं तुमी? मी श्रुती, भाची त्यांची. आत्या, अगं कोण आलंय बघ!"

आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज आला. बाहेर कुणी आलं नाही.

"या की काका, आत या."

बंडू आत गेला आणि मूर्ती ठेवायला जागा शोधू लागला. मखर कुठं दिसेना. समोर एक काचेचं कपाट होतं. खालच्या खणात पुस्तकं होती. वरच्या खणांत गणपती होते.

पहिल्या सालचा, सोंड अंमळ जाड झालेला. त्याच्या शेजारी, डावा डोळा आखताना हात हलला होता तो. मग पुढचे. सगळे त्याच्याच हातचे, एकाचाही रंग उडालेला नाही. हात सुधारत गेला होता, ते त्याला आज पहिल्यांदा दिसलं. त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं हातातला पाट छातीशी घट्ट धरला.

"पोरी," तो कसाबसा म्हणाला, "ह्यातला एकबी बुडवला न्हाय? देव असं डांबून ठेवत्यात व्हय? पूजा झाली की विसर्जन नको?"

त्याला काय म्हणायचंय तेच श्रुतीला कळेना.

"कसली पूजा, काका? आमी बौद्ध हाय की. आमच्यात गणपती बसवत न्हाईत."